टोपणनावाने लिहायचे आहे. ओळख कोठून उघड होऊ शकते?

अंगणवेल

सर्वांना नमस्कार. प्रश्न थोडा सविस्तर मांडावा लागणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

माझे यजमान बरीच वर्षे दारूच्या व्यसनात होते. उपचार झाले, मध्ये एकदा पुन्हा घसरण झाली, पुन्हा उपचार झाले आणि आता ते पूर्णपणे व्यसनमुक्त आहेत. या सगळ्या काळात मला धीर दिला तो व्यसनी माणसांच्या पत्नींच्या एका सहायता गटाने. आमचा गट दर गुरुवारी संध्याकाळी भरतो. तेथे नव्याने येणाऱ्या बहुतेक जणी फार उशिरा, म्हणजे पगार, दागिने आणि माहेरची मदत असे सगळे संपल्यावर येतात. आधी का आला नाहीत, असे विचारले तर बहुतेकींचे उत्तर एकच असते: हे फक्त आपल्याच घरात चालले आहे असे वाटत होते.

म्हणून मला लिहायचे आहे. कार्यालयात फोन करून ‘त्यांना ताप आहे’ असे सांगणे, पगाराच्या दिवशी त्यांच्या आधी बाहेर पडून रस्त्यात उभे राहणे, तांदळाच्या डब्यात आणि देवघराखालच्या कपाटात सापडणाऱ्या चपट्या बाटल्या, मुलींच्या पालकसभेला दरवेळी एकटीनेच जाणे आणि तेथे हसून बोलणे, हे सगळे साध्या मराठीत आणि नियमितपणे लिहायचे आहे. एखादी बाई रात्री मोबाइलवर शोध घेत असेल, तर तिला ते सापडले पाहिजे, एवढीच इच्छा आहे.

मात्र हे लेखन आमच्या नावाशी जोडले जाऊन चालणार नाही. यजमान बँकेत आहेत. थोरली मुलगी वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि लवकरच स्थळे पाहायला सुरुवात होईल. आम्ही पेठेत राहतो, जेथे कोणाकडे कोण पाहुणा आला हे संध्याकाळपर्यंत चार घरांना ठाऊक असते. सासूबाईंना तर मुलाचे आजारपण ‘पोटाचे’ होते एवढेच माहीत आहे.

भीतीला एक ताजे कारणही आहे. काही दिवसांपूर्वी मी एका समाजमाध्यमावर, केवळ इतरांचे वाचण्यासाठी, टोपणनावाने खाते उघडले. छायाचित्र लावले नाही, गाव लिहिले नाही आणि कोणालाही मैत्रीची विनंती पाठवली नाही. तरीही दुसऱ्याच दिवशी ‘तुमच्या ओळखीच्या असू शकतील’ अशा यादीत ते खाते माझ्या नणंदेला दिसले, आणि ‘ही कोण, वहिनी?’ असे तिने मलाच विचारले. हे कसे घडले, ते मला कळलेले नाही.

नवा ईमेल पत्ता घेतला की पुरेसे आहे का, ब्राउझरमधली ‘इनकॉग्निटो’ची सोय किंवा व्हीपीएन यांचा उपयोग होतो का, आणि उद्या कोणी तक्रार केली तर कायदा टोपणनावाकडे कसे पाहतो, हे मला समजून घ्यायचे आहे. यजमानांशी बोलले आहे. त्यांची संमती आहे, पण मुलींना त्रास होता कामा नये, अशी त्यांची एकच अट आहे.

मुळाकाठ

अंगणवेलताई, मी हिंजवडीत संगणकजाळ्यांच्या सुरक्षेचे काम करतो. तुमच्या प्रश्नांची उत्तरे क्रमाने देण्याऐवजी एक गोष्ट आधी निश्चित करू या, ती म्हणजे आपल्याला ओळख नेमकी कोणापासून लपवायची आहे. नणंद, शेजारी, भावी व्याही आणि यजमानांचे सहकारी यांच्यापासून लपवणे ही एक गोष्ट झाली, आणि पोलीस, न्यायालय किंवा मोठ्या कंपन्या यांच्यापासून लपवणे ही अगदी वेगळी. तुमची गरज पहिली आहे. दुसऱ्या प्रकारची साधने पहिल्या कामासाठी वापरली तर कष्ट पुष्कळ होतात आणि नणंदेला मात्र कळायचे ते कळतेच.

आता त्या खात्याबद्दल. बहुधा असे झाले असावे की खाते उघडताना तुम्ही नेहमीच्या मोबाइल नंबरावर ओटीपी मागवला. तोच नंबर नणंदेच्या फोनमध्ये ‘वहिनी’ म्हणून जपून ठेवलेला आहे, आणि तिने त्या ॲपला संपर्कयादी वाचण्याची परवानगी कधीतरी दिलेली आहे. परवानगी मिळताच तिची सगळी यादी कंपनीच्या सर्व्हरवर गेली. तुम्ही आपली यादी दिली नसली तरी तिच्या यादीतला नंबर आणि तुमच्या खात्याचा नंबर एकच असल्याचे यंत्राला कळले आणि त्याने ओळख करून दिली. तुमच्या बाजूने कितीही काळजी घेतली तरी दुसऱ्याच्या फोनमधून तुमची माहिती बाहेर पडते, ही या व्यवस्थेतली मला सर्वांत अन्यायकारक वाटणारी गोष्ट आहे, कारण तुमची परवानगी येथे कोणी विचारलेलीच नसते.

म्हणून लेखनासाठीच्या कोणत्याही खात्याला तुमचा नेहमीचा नंबर देऊ नका, अगदी ‘पासवर्ड विसरल्यास’ म्हणूनही नाही. नंबर न मागणारी ईमेल सेवा निवडा. स्वित्झर्लंडची प्रोटॉन मेल ही त्यांपैकी एक असून तेथे बहुतेक वेळा नंबराशिवाय खाते उघडता येते. मात्र तेथेही अमर्याद संरक्षण आहे असे समजू नये. २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या कायदेशीर आदेशानुसार या कंपनीला एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा ओळखक्रमांक) नोंदवून द्यावा लागला होता. पत्रांचा मजकूर सांकेतिक स्वरूपात असल्यामुळे तो द्यावा लागला नाही, पण कोण कोठून आले, ते कळले. तुमच्या प्रकरणात असा आदेश निघण्याचे कारण नाही, तरीही यंत्रणेची मर्यादा माहीत असावी.

‘इनकॉग्निटो’बद्दल फार मोठा गैरसमज आहे. ती सोय फक्त तुमच्या यंत्रावरचा इतिहास आणि कुकीज (संकेतस्थळांनी ठेवलेल्या छोट्या नोंदी) काम संपल्यावर पुसते. तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात, हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला दिसतेच, आणि कार्यालयाचे वायफाय असेल तर तेथील व्यवस्थापकालाही दिसते. संकेतस्थळ ‘एचटीटीपीएस’, म्हणजे सांकेतिक जोडणीचे, असेल तर आतले पान आणि मजकूर त्यांना दिसत नाही, पण संकेतस्थळाचे नाव दिसते. गूगलवर याच सोयीबद्दल २०२० मध्ये अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीत कंपनीने जमवलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

व्हीपीएन म्हणजे आपली वर्दळ मधल्या एका सर्व्हरमार्फत नेणारी सेवा. तिने एवढेच होते की तुमची वर्दळ इंटरनेट कंपनीऐवजी व्हीपीएन कंपनीच्या हाती जाते. विश्वास कोणावर तरी ठेवावाच लागतो, फक्त माणूस बदलतो. आपल्याकडे ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आणि संपर्क यांची नोंद पाच वर्षे ठेवणे आवश्यक झाले. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांसारख्या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. फुकट व्हीपीएनपासून तर दूरच राहा, कारण ज्याला ग्राहकाकडून पैसे मिळत नाहीत त्याच्यासाठी ग्राहकाची माहिती हेच उत्पन्न असू शकते. ‘टॉर’ याहून भक्कम आहे. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात जन्मलेल्या या पद्धतीत संदेश तीन टप्प्यांतून जातो आणि कोणत्याही एका टप्प्याला पाठवणारा व पोहोचण्याचे ठिकाण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कळत नाहीत. परंतु टॉरमध्ये बसून आपल्याच नेहमीच्या खात्यात शिरले, तर त्या तिन्ही टप्प्यांना काही अर्थ राहत नाही. तुमच्या गरजेसाठी मी टॉरचा आग्रह धरणार नाही.

आग्रह धरीन तो एका साध्या गोष्टीचा. लेखनासाठी वेगळा ब्राउझर ठेवा आणि तो दुसऱ्या कशासाठीही उघडू नका. घरातला संगणक सगळे वापरत असतील तर त्यावर स्वतःचे वेगळे खाते आणि पासवर्ड ठेवा. मुलीने पत्त्याच्या चौकटीत पहिले अक्षर टंकताच तुमच्या अनुदिनीचा (ब्लॉगचा) पत्ता खाली सुचवला जाणे, हा ओळख उघड होण्याचा मी पाहिलेला सर्वांत नेहमीचा मार्ग आहे. छायाचित्रे टाकायचीच असतील तर फोनच्या कॅमेऱ्यातली स्थाननोंद बंद करा, कारण ती चालू असताना चित्राच्या फाइलीत अक्षांश, रेखांश आणि वेळ लिहिली जाते. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवले की ही नोंद गळून पडते, पण तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर तशीच राहते. शिवाय खिडकीतून पर्वती दिसत असेल तर अक्षांशांची गरजच उरत नाही.

ग्रंथपाल

मुळाकाठ यांनी यंत्राची बाजू उत्तम मांडली आहे. मला मजकुराबद्दल लिहायचे आहे, कारण माझ्या मते टोपणनावाने लिहिणारी व्यक्ती बहुतेक वेळा स्वतःच्या तपशिलांतूनच ओळखली जाते.

प्रथम हे सांगतो की टोपणनावाने लिहिण्यात कमीपणा काहीच नाही. याच पुण्यात १८२३ मध्ये जन्मलेले गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत असताना १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने शंभरावर पत्रे लिहीत होते. ज्या समाजावर टीका करायची त्याच समाजात घरदार आणि नोकरी असलेल्या माणसाला नाव झाकल्यामुळेच मोकळेपणाने लिहिता आले. तुमची स्थिती फार निराळी नाही.

आता तुमचाच प्रश्न वाचकाच्या नजरेने पुन्हा वाचतो. पती बँकेत, थोरली मुलगी वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, धाकटी निदान एक तरी, कारण तुम्ही ‘मुलींच्या’ असे लिहिले आहे. घर पेठेत, सासूबाई हयात, नणंद तुम्हाला ‘वहिनी’ म्हणते. गटाची बैठक गुरुवारी, उपचार दोन वेळा. यांतला कोणताही एक तपशील घेतला तर तो पुण्यातल्या हजारो घरांना लागू पडतो. परंतु पेठेत राहणारे, बँकेत नोकरी असलेले आणि थोरली मुलगी वास्तुशास्त्र शिकत असलेले कुटुंब शोधायला गेले तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरे उरतील, आणि त्यांपैकी कोणाला ‘पोटाचे’ दीर्घ आजारपण झाले होते, हे शेजारच्या काकूंना कोणत्याही संगणकाशिवाय सांगता येईल.

ही माझी नुसती शंका नाही. लटान्या स्वीनी या अमेरिकी संशोधिकेने १९९० च्या जनगणनेच्या आधारे दाखवून दिले की टपालाचा पाच आकडी झिप कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येण्याजोगे होते. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये प्रेक्षकांनी चित्रपटांना दिलेले गुण नावे काढून प्रसिद्ध केले होते. टेक्सास विद्यापीठातील दोन संशोधकांनी ते दुसऱ्या एका संकेतस्थळावरील जाहीर अभिप्रायांशी ताडून काही प्रेक्षक ओळखता येतात, हे दाखवले. दोन्ही ठिकाणी नाव काढलेले होते, आणि उरलेल्या किरकोळ तपशिलांनीच काम केले.

उपाय असा की अनुभवाचा गाभा तसाच ठेवावा आणि ज्यांचा त्या अनुभवाशी संबंध नाही असे तपशील बदलावेत. बँकेऐवजी दुसरी नोकरी, वास्तुशास्त्राऐवजी दुसरा अभ्यासक्रम, मुलीऐवजी मुलगा असे चालेल. तांदळाच्या डब्यातली बाटली मात्र बदलू नका, कारण वाचणारीला तीच ओळखीची वाटणार आहे. बदललेले तपशील एका वहीत लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तेच वापरा, नाहीतर सहा महिन्यांनी एखाद्या लेखात खरा तपशील नकळत येऊन जातो. तसेच घटना घडल्याबरोबर लिहू नका. गौरी-गणपतीत घरी झालेला प्रसंग त्याच आठवड्यात प्रसिद्ध झाला तर त्या दिवशी जेवायला असलेले सर्वजण तो ओळखतील. तोच प्रसंग पुढच्या उन्हाळ्यात, सणाचा उल्लेख न करता आला तर कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नाही.

भाषेचेही भान ठेवावे लागेल. मराठी माणूस लेखकाला शब्दांवरून फार लवकर ओळखतो. तुम्ही घरात जी खास म्हण वापरता, सासूबाईंच्या तोंडचे जे वाक्य सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे, ते लेखनात येऊ देऊ नका. सामान्य बोली तशीच राहू द्या, कारण ती झाकायला गेले तर लेखनच निर्जीव होईल.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. हॅरी पॉटरच्या लेखिका जे. के. रोलिंग २०१३ मध्ये एका पुरुषी टोपणनावाने रहस्यकथा लिहीत होत्या, हे उघड झाले. पुढे संगणकाने शैलीची तुलना करून त्याला दुजोरा दिला गेला, पण मूळ बातमी फुटली ती तंत्रज्ञानामुळे नव्हे. त्यांच्या वकिलांच्या संस्थेतील एका भागीदाराने विश्वासाने पत्नीच्या मैत्रिणीला सांगितले आणि त्या मैत्रिणीने एका पत्रकाराला. म्हणून गटातल्या कितीही जवळच्या मैत्रिणीला ‘ते मीच लिहिते’ असे सांगू नका, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

अंगणवेल

दोघांचेही मनापासून आभार. ग्रंथपालकाका, तुम्ही माझाच प्रश्न उलगडून दाखवलात तेव्हा छातीत धस्स झाले, परंतु त्यातले काही तपशील मी लिहितानाच बदललेले होते. कोणते, ते येथे सांगत नाही. वहीची सूचना मात्र मला सुचली नव्हती, ती आजच अमलात आणते.

एका मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. कोणालाही सांगू नये, हे पटते, पण लेखन वाचून एखादी बाई रात्री दोन वाजता मला लिहील की ‘आता सहन होत नाही’, तेव्हा मी एकटीने काय करावे? आमच्या गटात कोणीही एकटीने असा भार उचलत नाही. याबद्दल कोणाला अनुभव असेल तर कृपया लिहावे. कायद्याचा प्रश्नही अजून राहिला आहे.

वकील_शिवाजीनगर

कायद्याची बाजू मांडतो. हे सर्वसाधारण विवेचन आहे, प्रत्यक्ष प्रसंग आला तर कागदपत्रे घेऊन एखाद्या वकिलाला भेटावे.

टोपणनावाने लिहिणे हा आपल्याकडे गुन्हा नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क असून तो अनुच्छेद २१ मधील जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. आपल्याबद्दलची कोणती माहिती कोणाला द्यायची, हे ठरवण्याचा अधिकारही न्यायालयाने त्यात मानला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६-अ खाली समाजमाध्यमांवरील मजकुरासाठी अटक होत असे, ते कलम त्याआधीच, २४ मार्च २०१५ रोजी, घटनाबाह्य ठरले आहे.

टोपणनाव जबाबदारीतून मात्र सोडवत नाही. ओळखू येणाऱ्या व्यक्तीची बदनामी झाली तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ लागू होऊ शकते, आणि लेखक निनावी आहे हा तेथे बचाव होत नाही. तपासात पोलिसांनी कायदेशीर मागणी केली तर संकेतस्थळाला आणि ईमेल कंपनीला त्यांच्याकडील नोंदी द्याव्या लागतात. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार खाते बंद केल्यानंतरही नोंदणीची माहिती १८० दिवस जपून ठेवावी लागते, त्यामुळे खाते पुसले म्हणजे सर्व संपले, असे समजू नये. म्हणून दीर, सासरे, वरिष्ठ, डॉक्टर यांच्यापैकी कोणाबद्दल रागाने लिहावेसे वाटले तर ते वहीतच राहू द्यावे. टोपणनाव म्हणून दुसऱ्या खऱ्या बाईचे नाव किंवा छायाचित्र घेऊ नका, तो स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. नव्या नंबरासाठी दुसऱ्याच्या नावावर फसवून सिम घेण्याचा मोह तर मुळीच नको. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. स्वतःच्या नावावर दुसरे सिम घेतले तर ते नणंदेला कळत नाही आणि कायद्यालाही मान्य आहे.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तुमच्या कामी किती येईल, याबद्दल फार आशा ठेवू नये. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. आपण स्वतः जी माहिती सर्वांसमोर प्रसिद्ध करतो तिला हा कायदा लागूच होत नाही. दुसरीकडे फारसा कोणाला माहीत नसलेला आणि तुमच्यासाठी फार मोलाचा कायदा म्हणजे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी संबंधित मानसिक अवस्था त्याच्या व्याख्येत येतात. कलम २३ नुसार उपचार घेणाऱ्याची माहिती गोपनीय ठेवणे हे उपचार करणाऱ्यांचे कर्तव्य आहे, आणि कलम २४ नुसार रुग्णाचे छायाचित्र किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही. त्यामुळे व्यसनमुक्ती केंद्राकडून यजमानांचे नाव बाहेर आले तर तुम्ही तक्रार करू शकता.

हाच विचार तुमच्या बाजूनेही लागू करा. यजमानांनी स्वतःबद्दल संमती दिली आहे. गटातल्या इतर स्त्रियांनी आणि केंद्रातल्या इतर रुग्णांनी ती दिलेली नाही. त्यांचे प्रसंग, कितीही बोलके असले तरी, घेऊ नयेत.

ओळख उघड करण्याची धमकी कोणी दिली तर उत्तर न देता स्क्रीनशॉट आणि दुवे जपून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पुण्याच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार करा. पैसे देऊन गप्प बसवण्याचा प्रयत्न करू नका. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक प्रकरणात पहिल्या रकमेनंतर दुसरी मागणी आलेली आहे.

सहप्रवासी

ताई, मी स्वतः अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या सहायता गटाच्या, बैठकांना जाणारा माणूस आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या चळवळीच्या परंपरांमध्ये वृत्तपत्रे, रेडिओ आणि चित्रपट यांच्या पातळीवर सदस्याने नाव न सांगण्याचे तत्त्व आहे. बैठकीत मात्र आम्ही एकमेकांना चेहऱ्याने ओळखतो. बाहेर निनावी आणि आत सोबत, अशी ती रचना आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला तिच्यातच दिसते. लेखन कोणाचे आहे, हे गटातल्या ताईंना सांगण्याची गरज नाही. ‘मला एका बाईचे असे पत्र आले, मी काय करू?’ एवढे त्यांना विचारता येते, आणि असा प्रश्न गटातली कोणीही विचारू शकते.

रात्री दोनच्या पत्रासाठी प्रत्येक लेखाच्या खाली ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा नंबर ठेवा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली मानसिक आरोग्याची ही सरकारी सेवा चोवीस तास आणि विनामूल्य आहे. मी पत्रांना लगेच उत्तर देऊ शकत नाही, हेही तेथेच स्पष्ट लिहा.

आणि वाचणाऱ्या बायकांचाही विचार करा. प्रतिक्रिया लिहिताना त्या नवऱ्याचे नाव, कारखाना, गाव असे सगळे भावनेच्या भरात लिहून जातात. आमच्या एका परिचित पानावर असे झाले आणि सासरच्यांनी ते वाचले. त्या घरात पुढे काय झाले, ते मी येथे लिहीत नाही. प्रतिक्रिया तुम्ही वाचून मान्य केल्याशिवाय दिसणार नाहीत, अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून ठेवावी.

अंगणवेल

सहप्रवासीदादा, हा विचार माझ्या मनात आला नव्हता. मी फक्त आमच्या घराचा विचार करत होते. प्रतिक्रिया वाचून, नावे काढूनच प्रसिद्ध करीन, आणि जेथे शंका येईल तेथे मुळीच करणार नाही.

मुळाकाठ, एक शेवटचे विचारते. स्वतःच्या नावाचा म्हणजे टोपणनावाचा संकेतस्थळाचा पत्ता (डोमेन) विकत घ्यावा, असे एका ठिकाणी वाचले. तो घ्यावा का? आणि प्रतिक्रिया देणाऱ्या स्त्रियांची माहिती माझ्याकडे साठू नये, यासाठी काय करावे?

मुळाकाठ

सध्या घेऊ नका. पत्ता नोंदवताना खरे नाव, निवासस्थान आणि फोन द्यावा लागतो, खोटे दिले तर नोंदणी रद्द होऊ शकते, आणि यूपीआयने पैसे भरले की समोरच्याला बँकेतले नाव दिसते. वर्डप्रेस किंवा ब्लॉगर यांच्यावर मिळणारा विनामूल्य पत्ता तुमच्या कामासाठी पुरेसा आहे. मात्र ब्लॉगर गूगलचे असल्यामुळे तेथे घरचे गूगल खाते चुकूनही वापरू नका, त्यासाठी वर्डप्रेस आणि वेगळा ईमेल अधिक सोयीचे पडेल. खाते उघडल्यावर ‘प्रोफाइल’ पाहून दर्शनी नाव बदलले आहे ना, याची खात्री करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून, लॉगिन न करता, आपले पान एकदा पाहा. लेखकाचे नाव, छायाचित्र आणि ईमेल यांपैकी काय दिसते, ते तेथे लगेच कळेल.

प्रतिक्रियांसाठी नाव आणि ईमेल सक्तीचे आहेत, अशी खूण सुरुवातीला सेटिंगमध्ये असते, ती काढून टाका. प्रतिक्रिया देणाऱ्याचा आयपी पत्ता व्यवस्थापकाच्या पानावर दिसतो, त्यामुळे त्या खात्याचा पासवर्ड लांबलचक ठेवा आणि द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक संकेतांक मागणारी सोय) ॲपवरून सुरू करा, एसएमएसवरून नको, कारण त्यासाठी पुन्हा नंबर द्यावा लागेल. पडताळणीचे राखीव संकेतांक कागदावर उतरवून ग्रंथपालकाकांनी सांगितलेल्या वहीपासून वेगळ्या ठिकाणी ठेवा. खाते उघडताना कोठे अडलात तर पडद्यावर काय दिसते, ते येथेच लिहा, स्क्रीनशॉट मात्र टाकू नका, मी पुढची पायरी सांगतो.